१०८९

आमच्या दुकानात फ्लेक्स मशीनच्या मागे एक सनबोर्ड भिंतीला टेकवून ठेवलाय, दोन बाय तीन, पिवळ्यावर लाल अक्षरं. ‘घाबरू नका, सांगा. चाईल्डलाईन १०८९’. येणारी-जाणारी गिऱ्हाईकं म्हणतात वहिनी हा भंगारात का नाही घालत, जागा अडवून बसलाय, मी विषय बदलते. नंबर चुकलाय त्यावरचा. अडचणीतल्या मुलांच्या मदतीची फोनलाईन आहे ती, १०९८ पाहिजे.

चूक माझीच. ऑगस्ट २०२४ आठवा, बदलापूरचं प्रकरण झालं, बालवाडीतल्या दोन चिमुरड्या, शाळेतल्याच सफाई कर्मचाऱ्यावर आरोप, आईबापांना पोलिस स्टेशनात तासन्‌तास ताटकळत बसवलं, आणि मग २० ऑगस्टला लोक रुळावर उतरले, दिवसभर लोकल बंद. दुसऱ्याच दिवशी सरकारचा जीआर निघाला, शाळांनी सीसीटीव्ही बसवा, तक्रारपेटी लावा, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी करा, मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती आहे का दाखवा. झालं, तालुक्यातल्या सगळ्या शाळा एकाच आठवड्यात आमच्या दारात. आणि गणपती ७ सप्टेंबरला. म्हणजे एकीकडे मंडळांचे फ्लेक्स, त्यात प्रत्येक फ्लेक्सवर तीस-तीस पोरांचे गॉगल घातलेले फोटो, सगळ्यांना आपला फोटो मोठा पाहिजे, आणि दुसरीकडे हे बोर्ड. ऑपरेटर पोरगं तापाने झोपलेलं. मीच रात्री अकराला कॉम्प्युटरवर कोरलमध्ये बसले, टाईप केलं, प्रूफ व्हॉट्सअॅपवर एका शाळेच्या मुख्याध्यापक सरांना पाठवलं, सरांनी अंगठा पाठवला, मी प्रिंट मारली.

बोर्ड सप्टेंबरात लागला. चूक कळली जानेवारीत.

कळली कशी तर सहावीतली एक पोरगी मामाकडून येताना मिरज जंक्शनवर गाडीची वाट बघत बसलेली, तिथे तिने पाटी वाचली, आणि सोमवारी येऊन बाईंना म्हणाली, बाई तिथं १०९८ लिहिलंय, आपल्या शाळेत उलटं का. बाईंनी मला फोन केला. मी आधी हसले, मग पोटात गोळा आला.

चार महिने. साडेचारशे पोरं, सोळा शिक्षक, शिपाई, क्लार्क, मध्यंतरी साहेब येऊन तपासणी करून गेले, त्यांनी बोर्ड असल्याची टिक सुद्धा केली. कुणाच्याच लक्षात नाही आलं म्हणजे कुणी वाचलाच नव्हता. मी म्हणत होते देवाची कृपा, कुणाला गरज पडली नसेल. पण मग रात्री पडल्यापडल्या वाटलं, समजा गरज पडली असेल, कुणीतरी आईचा मोबाईल घेऊन मोरीत जाऊन फिरवला असेल, आणि लागला नसेल, तर ते मला सांगायला कोण येणार? माझा धाकटा त्याच शाळेत आहे, पाचवीत.

नवा बोर्ड करून मी स्वतः घेऊन गेले, पैसे अर्थातच नाही घेतले. आणि तेव्हा पहिल्यांदा बघितलं की लावलाय कुठे. मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर, ढालींच्या कपाटाच्या वर, आठ फुटावर. शेजारी संस्थापक अध्यक्षांचा फोटो, हार घातलेला. म्हणजे पोराने नंबर बघायचा तर सरांच्या दारात उभं राहून मान वर करून वाचत बसायचं, आणि आतून सर विचारणार काय रे काय पाहिजे. खाली तक्रारपेटी. अॅक्रिलिकची, पारदर्शक! आत दोन चॉकलेटचे कागद आणि एक चिठ्ठी, ‘क्रिकेटचा तास वाढवा’. आणि पेटीच्या बरोबर समोर सीसीटीव्ही कॅमेरा, ज्याची स्क्रीन केबिनमध्ये. चावी कुणाकडे विचारलं तर क्लार्क म्हणाले माझ्याकडे, पण सध्या सापडत नाहीये.

आता मी काही कुणी कार्यकर्ती नाही, बारावी कॉमर्स आणि नंतर डीटीपीचा कोर्स. पण चूक माझ्या हातून झालेली, त्यामुळे गप्प बसवेना. मी तो कायदा बसून वाचला, पॉक्सो, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा, २०१२ चा, त्या वर्षी १४ नोव्हेंबरपासून लागू, बालदिनाला. मराठीत पण मिळतो. आणि वाचताना माझी एक मोठी गैरसमजूत गेली. मला वाटायचं ‘तक्रार’ ही पोराने किंवा आईबापाने करायची गोष्ट. आमचे सगळे बोर्ड तसेच तर असतात, पोरांना उद्देशून, सांगा, बोला, घाबरू नका. पण कलम १९ म्हणतं की ज्याला कुणाला कळलं किंवा नुसती शंका आली त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. ज्याला कुणाला म्हणजे शिक्षक, शिपाई, रिक्षावाले काका, डॉक्टर, मी सुद्धा. नाही कळवलं तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा किंवा दंड, आणि संस्थेचा प्रमुख असेल आणि हाताखालच्या माणसाचं झाकलं तर वर्षापर्यंत. ज्या एकाच माणसावर ही सक्ती नाही ते म्हणजे मूल. आणि आम्ही बोर्ड लावतो ते नेमके मुलांसाठी. मोठ्यांसाठी स्टाफरूममध्ये काय असतं? वेळापत्रक, ऑफ तासांची यादी आणि पतसंस्थेचं कॅलेंडर.

मी सरांना हेच म्हणाले, की सर एक बोर्ड स्टाफरूममध्ये लावू या, शिक्षकांसाठी. सर चांगले आहेत, उगाच नावं ठेवत नाही, पण ते म्हणाले, वहिनी आपल्या शाळेत तसलं काही नाही. मी म्हणलं सर आग विझवायचं ते लाल नळकांडं लावलंय ना पॅसेजमध्ये, आपल्या शाळेत आग तरी कुठं लागलीय. हसले. मग म्हणाले ‘लैंगिक’ शब्द नको, ‘गैरवर्तन’ लिहा. यावर आमची पाऊण तास चर्चा झाली, चहा दोनदा आला. गैरवर्तन म्हणजे गृहपाठ न करणं पण होतं हो सर. शेवटी स्टाफरूमच्या बोर्डवर लैंगिक शब्द राहिला आणि पोरांच्या बोर्डवर आम्ही लिहिलं, ‘कुणी नको तिथे हात लावला, लावायला लावला, नको ते फोटो दाखवले, किंवा हे कुणाला सांगू नको म्हणाला’. हे वाक्य आमच्या मराठीच्या बाईंचं आहे, मला नसतं सुचलं.

मग फेब्रुवारीत शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समिती अशी एकत्र बैठक लावली आणि तालुक्याच्या पोलिस ठाण्यातून एक पीएसआय मॅडम आल्या. साध्या ड्रेसमध्ये, खांद्याला पर्स. आधी कुणाला वाटलंच नाही पोलिस आहेत, एका सरांनी तर त्यांना पालक समजून मागे बसायला सांगितलं. त्यांनी तिथूनच सुरुवात केली, की मी मुद्दाम अशी आले, मुलाचा जबाब घ्यायला आम्हाला युनिफॉर्ममध्ये जाता येत नाही. जबाब मुलाच्या घरी किंवा ते म्हणेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, मुलाला रात्री पोलिस ठाण्यात ठेवायचं नाही, आरोपीसमोर आणायचं नाही, मुलीची वैद्यकीय तपासणी लेडी डॉक्टरनेच करायची आणि जवळ आई किंवा तिचं विश्वासाचं माणूस पाहिजे. चोवीस तासात बालकल्याण समितीला कळवायचं. नाव कुठे छापून येता कामा नये. हे सगळं कायद्यात आहे. लोकांच्या डोक्यात मात्र पोलिसात गेलं की पोरीची धिंड, एवढंच असतं. अर्थात बदलापूरचं सगळ्यांनी वाचलेलं होतं, एका पालकाने तोंडावर विचारलंच, की मॅडम कायद्यात आहे पण तुमच्याकडे तसं होतं का. मॅडम क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, नाही झालं तर म्हणून तर सांगतेय, तुम्ही कळवलंत की त्याची लेखी नोंद करून नंबर द्यायचा असतो, तो मागून घ्या, एफआयआरची कॉपी फुकट मिळते ती घ्या, हद्द आमची नाही म्हणाले तर झिरो एफआयआर म्हणा, म्हणजे हद्द कुणाचीही असो, नोंदवून घ्यायचा, आणि कुणी घेतच नसेल तर एसपींना लेखी पाठवा, पोस्टाने. हे त्यांनी स्वतःच्याच खात्याबद्दल सांगितलं, मला आवडलं.

प्रश्न सगळे शिक्षकांच्याच भीतीचे होते. खोटं निघालं तर? चांगल्या हेतूने कळवलं असेल तर कळवणाऱ्यावर काही होत नाही, कायद्यात लिहिलंय, आणि मुलाने खोटं सांगितलं तरी मुलाला शिक्षा नाही. पुरावा? पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही, आमचं आहे. आधी शाळेत चौकशी करून खात्री करून घेऊ का? यावर मॅडमचा आवाज चढला. म्हणाल्या हीच खात्री करून घेण्यात सगळं बिघडतं, मुलीला चार जणांसमोर उभं करून चार वेळा विचारता, मग ज्याच्यावर आरोप आहे त्याला बोलावून समोरासमोर करता, तो संध्याकाळपर्यंत गावातून गायब, आणि मूल घाबरून म्हणतं नाही नाही तसं काही नाही. एकदाच ऐका, मध्ये मध्ये विचारू नका, मुलाने जे शब्द वापरले तेच शब्द लिहून ठेवा, तारीख वेळ घाला, आणि फोन करा.

मग एक अगदी नवीन शिक्षणसेवक मुलगी, वर्षही झालं नसेल तिला लागून, तिने सरांकडे न बघता विचारलं, मुख्याध्यापकांना न सांगता डायरेक्ट फोन केला तर चालेल का. सगळी खोली गप्प. पंख्याचा आवाज येत होता नुसता. मॅडम म्हणाल्या, कायद्यात परवानगीचा उल्लेख कुठेही नाही. सरांनी मान हलवली, काय करणार बिचारे. पण मला वाटतं त्या दिवशीच्या दोन तासात कामाचं म्हणावं असं एवढंच झालं. कारण खासगी संस्थेत काय चालतं ते सगळ्यांना माहितीय, अध्यक्षांचा पाहुणा असेल तर कोण बोलणार आहे, नोकरी जाते.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याचं प्रकरण मॅडमनी सांगितलं तेव्हा तर काहीजण वहीत लिहून घ्यायला लागले. २०१९ मध्ये तिथल्या एका शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचं बाहेर आलं, आणि त्या मुलींना तपासणाऱ्या एका डॉक्टरवरही गुन्हा दाखल झाला, की तुम्हाला कळलं होतं आणि तुम्ही कळवलं नाही. हायकोर्टाने तो डॉक्टरवरचा गुन्हा रद्द केला होता, पण नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाचा निकाल फिरवला आणि सांगितलं की माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे. बदलापूरलाही शाळेच्या व्यवस्थापनावर वेळेत न कळवल्याबद्दल पॉक्सोखालीच गुन्हा दाखल झाला. म्हणजे हे कलम नुसतं पुस्तकात नाही.

आता थोडं ‘गुड टच बॅड टच’ बद्दल. हल्ली प्रत्येक शाळेत याचा एक तास होतो, पीपीटी, गाणं, बाहुली, मी त्याच्या विरोधात नाही, झालाच पाहिजे. पण सात वर्षाच्या पोराला सांगायचं की तू ओळख, तू नाही म्हण, तू ओरड, तू पळ, तू येऊन सांग, आणि मोठ्या माणसाला मात्र कुणी सांगायचं नाही की तुझ्याकडे येऊन सांगितलं तर तू काय करणार, हे मला उफराटं वाटतं. पोरं ओरडत पण नाहीत आणि पळत पण नाहीत, कारण समोरचा नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा ओळखीचाच निघतो, सरकारचेच गुन्ह्यांचे आकडे सांगतात. मामा, शेजारचे आजोबा, क्लासचे सर. पोरं सांगतात ते वेगळ्याच भाषेत, मला त्या रिक्षातून जायचं नाही, माझं पोट दुखतंय, ते काका मला आवडत नाहीत. आणि आपण म्हणतो, नाटकं करू नको, बस रिक्षात.

आणि मुलगे! बैठकीत एक पालक म्हणाले की मुलींच्या पालकांची वेगळी मीटिंग घ्या, आम्हाला कशाला बसवलं. कायद्यात मुलगा-मुलगी असा फरकच नाही, अठरा वर्षाखालचं कुणीही. २००७ मध्ये केंद्राच्या महिला आणि बालविकास खात्याने तेरा राज्यांत बारा हजारांहून जास्त मुलांना विचारून अहवाल काढला होता, त्यात निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या लैंगिक अत्याचाराचं सांगितलं, आणि त्या सांगणाऱ्यांत मुलगे निम्म्याहून थोडे जास्तच होते. बहुतेकांनी त्याआधी ते कुणालाच सांगितलेलं नव्हतं. ते पालक मग शेवटपर्यंत बसले.

१०९८ बद्दल पण सांगते, कारण मला काहीच माहीत नव्हतं आणि मी वर्षानुवर्षं तो नंबर छापत होते. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाला, टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमधल्या जेरू बिलिमोरिया यांनी काढला, रस्त्यावरच्या पोरांसाठी. दस नौ आठ, उलटे आकडे मोजल्यासारखं, पोरांच्या लक्षात राहावं म्हणून. माझ्या मात्र नाही राहिलं. फोनला पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने ही लाईन सरकारने चालवायला घेतली, ११२ या आपत्कालीन नंबरला जोडली, पण नंबर तोच आहे.

नव्या बोर्डची प्रिंट मारायच्या आधी मी तो नंबर स्वतः लावून बघितला. तिकडून बाई बोलल्या, काय मदत हवी आहे. आणि मला काय बोलावं तेच सुचेना. त्रेचाळीस वर्षाची बाई, दिवसभर गिऱ्हाइकांशी भांडते, उधारी वसूल करते, आणि माझं ततपप झालं. अहो माझं फ्लेक्सचं दुकान आहे, नंबर बरोबर आहे का बघत होते, असं काहीतरी पुटपुटले आणि माफी मागून ठेवला. (तुम्ही उगाच लावून बघू नका, कामाची लाईन आहे, एकीने केलं तेवढं पुरे.) पण त्यावरून मी बाईंना सुचवलं की पोरांना नंबर पाठ करून घेता तसं फोनवर बोलायची पण सवय करून घ्या. आता त्या पाचवी-सहावीला खेळण्यातला फोन देऊन करून घेतात. मी अमुक, इतक्या वर्षाची, अमुक गावातून बोलतेय, मला एक सांगायचंय, आत्ता माझ्याजवळ कोण आहे, नंतर कधी बोलता येईल. पोरं हसतात, एकमेकांना ढकलतात. हसू देत. माझा धाकटा घरी येऊन आजीला करून दाखवत होता, आजी म्हणाली हे काय नवीन, आणि मग बराच वेळ गप्प बसली. मी काही विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं का, अजून कळत नाही.

आता बोर्ड कसे झालेत ते सांगते, दुसऱ्या कुणाला करायचे असतील तर. मुलांचा बोर्ड पाण्याच्या टाकीजवळ, साडेतीन फुटावर, चौथीच्या पोराच्या डोळ्यासमोर येईल असा. फोटो कुणाचाही नाही. अध्यक्षांचा सुद्धा नाही, यावरून दोन दिवस माझं आणि संस्थेच्या एका सदस्याचं वाजलं, ते म्हणत होते निदान खाली ‘सौजन्य’ तरी टाका. दुसरं, पोस्टकार्डच्या आकाराचे विनाइल स्टिकर, मुलींच्या आणि मुलांच्या दोन्ही स्वच्छतागृहात दाराच्या आतल्या बाजूला. तिथे पोर एकटं असतं आणि कुणी बघत नसतं. वर मॅट लॅमिनेशन केलंय, पाण्याने निघत नाही. तक्रारपेटी पत्र्याची केली, जिन्याखाली हलवली, कॅमेऱ्यापासून लांब, आणि चाव्या दोन, एक सखी सावित्री समितीतल्या पालक प्रतिनिधीकडे, दोन्ही लागल्याशिवाय उघडत नाही. दर शनिवारी उघडतात. त्या समितीचा बोर्ड पण बदलला, कारण जुन्यावर ज्या बाईंचं नाव आणि मोबाईल होता त्या बदली होऊन दुसऱ्या तालुक्यात गेल्याला दीड वर्ष झालेलं. आता नावांच्या जागी पट्टी सरकवता येते असा केलाय, दर जूनला बदलायचा.

स्टाफरूमचा बोर्ड चहाच्या टेबलाच्या वर आहे. त्यावर वरून खाली एवढंच लिहिलंय की मुलाने सांगितलं तर शांतपणे ऐका, ‘सांगितलंस ते बरं केलंस’ एवढं म्हणा, कुणाला सांगणार नाही असं वचन देऊ नका कारण ते पाळता येणार नाही, त्याचेच शब्द लिहा, आरोपीला बोलावू नका, घरातल्याच माणसाबद्दल असेल तर त्याला फोन करू नका, पोलिस ठाणे किंवा ११२ किंवा १०९८ ला आजच कळवा, परवानगी लागत नाही. शेवटचे तीन शब्द ठळक. सरांनी प्रूफ बघून ते शब्द जरा बारीक होतील का विचारलं होतं. मी म्हणलं मशीनला नाही जमत.

एप्रिलपासून आणखी अकरा शाळांनी हे बोर्ड नेले, दोन आश्रमशाळा त्यात. पेटीत काय आलं, फोन गेला का, हे मला माहीत नाही आणि ते माझ्यापर्यंत येऊही नये. एक मात्र झालं, प्रूफवर अंगठा पाठवलेला मी आता घेत नाही, माणसाने दुकानात यायचं, नंबर एकेक आकडा करून मोठ्याने वाचायचा आणि मग सही. परवा एक गुरुजी वैतागले, म्हणाले ताई मी काय पहिलीत आहे का. मी त्यांना मशीनमागचा पिवळा बोर्ड दाखवला.

फाईल कुणाला पाहिजे असेल तर पेन ड्राईव्ह घेऊन दुकानात या, पैसे नाहीत, दुसरीकडे छापलंत तरी चालेल. फक्त पेन ड्राईव्ह व्हायरस मारून आणा, मागच्या वेळी एका शाळेच्या ड्राईव्हने माझ्या सगळ्या लग्नपत्रिका खाल्ल्या.